पेलिकनांचं मयत

आमच्या पेलिकन या बेसबॉल संघाला हरायची सवय आहे आणि आम्हाला त्यांना शिव्या द्यायची. दोघांचं बरं चाललं होतं. पण यंदा त्यांनी कहरच केला. नाताळ उजाडायच्या आधीच स्पर्धेतून बाहेर, उरलेले सामने नुसते नावापुरते! झेंड्यावरच्या पक्ष्याची चोच एवढी मोठी, आणि अख्ख्या संघाला एक चेंडू धरता येत नाही.

संघ बाहेर पडला की माझ्या किराणा दुकानासमोर त्याचं मयत मांडायचं, ही गल्लीची रीत. पुठ्ठ्याची शवपेटी, आत पेंढा भरलेला पक्षी, उशाशी मेणबत्त्या. विधवा होतो मिशाळ बोलिवार, बायकोचा काळा झगा घालून. एरवी तो मोटरसायकलवरून सवाऱ्या नेतो. आणि रडायला दोन्या निदिया, म्हणजे आमच्या निदियाबाई. खऱ्या मयतातसुद्धा तिच्यासारखं रडणारं गावात दुसरं कुणी नाही. हेल काढून ती मेलेल्याचे असे वाभाडे काढते की त्याने उठून पळावं.

यंदा पंचाईत अशी, की घोळ घातला तिच्याच मुलाने. लोलो तिसऱ्या बेसवर खेळतो. शेवटच्या डावात आयता ओंजळीत आलेला चेंडू त्याने सोडला. वर तो उचलून असा भिरकावला, की प्रेक्षकांतल्या शेंगदाणेवाल्याच्या टोपलीत. समोरच्यांचे गडी आरामात धावत आले आणि आमचा कारभार आटोपला. तेव्हापासून लोलो संघाच्या हॉटेलात दार लावून पडला होता. आईचा फोनही घेत नव्हता. उरलेले सामने खेळणार नाही आणि गल्लीत पुन्हा तोंड दाखवणार नाही, एवढा निरोप त्याने पाठवला होता.

मी दोन्याकडे गेलो. म्हटलं, "या वर्षी राहू द्या मयत."

"का? मेले नाहीत का ते?"

"मेलेत हो. पण लोलो..."

"किको, मयत झालं की घरच्यांना बोलवायला कोण जातं?"

"घरातलंच कुणीतरी. स्वतः."

"मग पाठव की त्या विधवेला. ती दारात उभी राहिली तर नाही म्हणायची कुणाची टाप आहे?"

बोलिवार झगा वर खोचून मोटरसायकलवर बसला आणि हॉटेलकडे गेला.

इकडे गल्ली जमली. रामिरो लोण्याचा डबा घेऊन आला होता, लोलोच्या दारावर टांगायला. ज्याच्या हातून चेंडू सुटतो त्याचे हात लोण्याचे, असं आमच्याकडे म्हणतात. या रामिरोला स्वतःच्या घराचं दार धड बंद करता येत नाही, पण बेसबॉल मात्र सगळा कळतो. तो तोंड उघडणार, तेवढ्यात दोन्याने त्याच्या हातातला डबा घेतला, पेटीत पक्ष्याच्या कुशीत ठेवला आणि हंबरडा फोडला.

"अरे माझ्या बाळा! नऊ महिने मी तुला धरलं रे पोटात, तुला एक चेंडू दोन क्षण धरवेना!"

"धरवेना!" गल्लीने साथ दिली.

"तुझ्या बापाने गाढव विकून हातमोजा घेतला रे! गाढवाला उभं केलं असतं तर त्याने निदान अडवला असता!"

लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. रामिरोने मध्ये तोंड घालायचा प्रयत्न केला, पण घरचं माणूस रडत असताना बाहेरच्याने बोलायचं नसतं. शिवाय तो जे बोलणार होता, त्याच्या दसपट ती बोलून बसली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या पोराला घालायच्या सगळ्या शिव्या ती एकटीच संपवत होती, दुसऱ्या कुणासाठी काही शिल्लक ठेवत नव्हती. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

एवढ्यात फटफट आवाज आला. पुढे मिशाळ विधवा, मागे खाली मान घातलेला लोलो. गल्लीने बाजूला सरून वाट करून दिली.

लोलो पेटीजवळ आला. पक्षी पाहिला, लोणी पाहिलं.

"आई, उद्या सामना आहे. माझ्याच्याने नाही होणार."

दोन्याने डोळे पुसले. खरंच ओले होते ते.

"पेटीत जागा आहे. झोपायचं असेल तर झोप. नाहीतर घरात चल, केळी तळलीत, ती खा आणि उद्या खेळायला जा."

लोलोने नजरेनेच पेटी मापली. मग नाक पुसून म्हणाला, "पाय मावायचे नाहीत माझे."

"मग चल जेवायला."

मेलेल्या संघाचा सामना बघायला कुणी जात नाही. आम्ही गेलो, काळे कपडे घालून. दुसऱ्याच डावात चेंडू सरळ लोलोकडे आला आणि त्याच्या पायांमधून निघून गेला. दोन्याने माझा दंड घट्ट धरला. पोरगं आता पुन्हा पळून जातं की काय, या धास्तीने मला काही सुचेना, आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "अरे गाढवा, डोळे घरी ठेवून आलास का?"

लोलो कमरेवर हात ठेवून वळला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "किकोकाका, आधी तुमचा तराजू सरळ करा!"

सगळी गल्ली माझ्यावर फिदीफिदी हसली. दोन्या तर सगळ्यात जास्त. मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू.