बाहेरून कडी

इमारतीतले सगळे त्यांना चावीकाका म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सोसायटीचं सचिवपद घेतलं ते सोडलंच नाही. सुट्ट्या जवळ आल्या की जिन्याखालच्या फळ्यावर ते वळणदार अक्षरात सूचना लिहीत. पेपर बंद करा. गॅस खालून बंद करा. एक दिवा चालू ठेवा. खिडक्यांना लोखंडी जाळी आणि दाराला बाहेरून जाड कडी बसवून घ्या. जास्तीची चावी विश्वासू माणसाकडे ठेवा. विश्वासू माणूस कोण, हे लिहायची गरज नव्हती. त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक लाकडी पट्टी होती आणि तिच्या खिळ्यांवर सव्वीस घरांच्या चाव्या टांगलेल्या होत्या.

तिसऱ्या मजल्यावरची चष्मेवालीही आपली चावी तिथेच ठेवायची. एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे काम ती बावीस वर्षं करत होती. नवरा लेक शाळेत असतानाच गेला. तेव्हापासून घरात दोघीच. लेकीला एका बालवाडीत शिक्षिकेची नोकरी लागली, तेव्हा रुजू होण्याआधी दोघी सात दिवस समुद्रावर जाऊन आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. परत आल्या तेव्हा कुलूप जागच्या जागी, घर जसंच्या तसं.

तीन आठवड्यांनी लेक भर दुपारी घरी आली आणि चपला न काढता आईसमोर उभी राहिली.

"तू कोणाला सांगितलंस?"

"काय?"

"दवाखान्याचं."

लेक एकोणीस वर्षांची असताना मनाच्या आजाराने तीन महिने दवाखान्यात होती. ती बरी झाली, शिकली, पायावर उभी राहिली. ते तीन महिने आईने इमारतीपासून, नातेवाइकांपासून, सख्ख्या भावापासूनही लपवून ठेवले होते. लेक कोर्ससाठी परगावी गेलीय, असं सगळ्यांना सांगितलं होतं. आता बालवाडीच्या मुख्याध्यापिकेकडे निनावी पत्र आलं होतं. टाइप केलेलं. कोणत्या दवाखान्यात, कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या गोळ्या, सगळं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं, 'लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी कळवत आहे. एक हितचिंतक.' नोकरी अजून कच्चीच होती. बाईंनी लेकीला गोड शब्दांत निरोप दिला.

"देवाशपथ, मी कोणाला एक अक्षर बोलले नाही," आई म्हणाली.

"मग भिंतींनी सांगितलं का? तुझ्याशिवाय कोणाला माहीत होतं?"

चार दिवसांनी लेकीने बॅग भरली आणि नोकरदार मुलींच्या वसतिगृहात राहायला गेली. आईचा फोन ती उचलेना.

चष्मेवाली शाळेत गेली. मुख्याध्यापिकेसमोर तासभर ठाण मांडून तिने त्या पत्राची झेरॉक्स मिळवली. घरी येऊन खिडकीशी बसली आणि जशी चष्म्याची काच उजेडात धरून चरा शोधायची, तसं तिने ते पत्र ओळीओळीने पाहिलं. तारखेपाशी तिची नजर अडली. पत्रात लिहिलं होतं, 'चौदा मार्च ते नऊ जून.' लेक घरी आली होती सहा जूनला. दवाखान्याच्या कारकुनाने सहाचे नऊ केले होते आणि ही चूक जगात एकाच कागदावर होती. तो कागद तिच्या कपाटात, पांघरुणांच्या खाली, पत्र्याच्या पेटीत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घर कोणी फोडलं नव्हतं. चावी लावून, चपला बाहेर काढून, कोणीतरी सावकाश आत आलं होतं. पांघरुणं उचलली होती, कागद वाचले होते, पुन्हा घडी घातली होती. आणि ती मात्र परतल्यावर त्याच माणसाला 'तुम्ही आहात म्हणून काळजी नसते हो' म्हणून आली होती.

समोरच्या दारात नर्स राहायची. रुग्णालयात पाळ्या करणारी, मोजकं बोलणारी. चष्मेवालीने तिला सगळं सांगितलं, आजारासकट. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. नर्सने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मावशी, मागच्या वर्षी माझ्या नवऱ्याने पाठवलेले घटस्फोटाचे कागद घरात आले, त्याच आठवड्यात काका मला म्हणाले, एकट्या बाईने जपून राहावं. मी तोवर कोणाला सांगितलंही नव्हतं. मला वाटलं, सहज म्हणाले." मग ती म्हणाली, "पोलिसांत जा."

"जाऊन काय सांगू? काहीच चोरीला गेलं नाही."

"मग काय करणार?"

"फिरायला जाणार," चष्मेवाली म्हणाली.

पुढच्या सोमवारी ती चावीकाकांकडे गेली. त्यांच्या बायकोने, काकूंनी, चहा दिला. चष्मेवालीने तो शेवटच्या घोटापर्यंत प्याला.

"दहा दिवस बहिणीकडे जाऊन येते म्हणते. लेक गेल्यापासून घर खायला उठतं."

"अवश्य जा, ताई. मन रमेल," काका म्हणाले. "मुलगी कशामुळे गेली म्हणालात?"

"तरुण पोरं. काय सांगणार?"

"खरंय, खरंय." त्यांच्या चेहऱ्यावरची कळकळ पाहून तिला हातातला कप त्यांच्या तोंडावर मारावासा वाटला. तिने लॅचची एक आणि बाहेरच्या कुलपाची एक, अशा दोन चाव्या पुढे केल्या. "तुमच्या सांगण्यावरून कडी नवीन बसवलीय. चांगली जाडजूड आहे."

"शाबास! सगळ्यांनी तुमच्यासारखं ऐकलं असतं तर."

मंगळवारी सकाळी बॅग घेऊन ती सगळ्यांच्या देखत रिक्षात बसली. दोन चौक पुढे उतरली आणि तासाभराने, काका बाजारात गेलेले पाहून, मागच्या जिन्याने वर आली आणि नर्सच्या घरात शिरली. दाराला बाहेरचं पाहायचं भिंग होतं. त्यापुढे तिने स्टूल ठेवलं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. नर्स कामावर गेली की घरात ती एकटी, डोळा भिंगाला. पाठ दुखायची, डोळ्यातून पाणी यायचं. मध्येच वाटायचं, आपलंच चुकलं असेल तर? मग लेकीची रिकामी कॉट आठवायची आणि ती पुन्हा डोळा लावायची. राग तिला भुकेसारखा वेळच्या वेळी येत होता.

गुरुवारी दुपारी अडीचला काका आले. इमारत जेवून पेंगत होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेरचं कुलूप काढलं, चावीसकट कोयंड्यातच अडकवून ठेवलं, लॅच उघडला, आत गेले, दार लावून घेतलं. स्वतःच्या घरात शिरावं इतक्या सहज.

चष्मेवाली अनवाणी बाहेर आली. कडी सरकवली. कुलपातली चावी काढून घेतली, कुलूप कोयंड्यात घालून दाबलं. टक्. मग ती पायरीवर बसली.

आत पत्र्याच्या पेटीत तिने लेकीच्या कागदांऐवजी तीन वस्तू ठेवल्या होत्या. निनावी पत्राची झेरॉक्स, एक कोरा कागद आणि पेन. कोऱ्या कागदावर वर लिहिलं होतं, 'हे पत्र कोणी लिहिलं ते इथे सहीनिशी लिहा आणि दाराखालून सरकवा.'

दहा मिनिटांत दाराची मूठ फिरली. मग जोरात फिरली. मग दार हादरलं.

"कोण आहे बाहेर?"

"मी आहे, काका. या घरची."

मूठ फिरायची थांबली. मग काका घसा साफ करून म्हणाले, "ताई, बरं झालं तुम्ही आलात. गॅसचा वास आला म्हणून बघायला आलो होतो."

"सिलिंडर मी काढून ठेवलाय. पेटीतला कागद वाचलात?"

"कसली पेटी?"

"पांघरुणांखालची. माझ्या लेकीचं आयुष्य वाचलंत ना, तीच."

"उघडा आधी! मी पोलिसांना फोन करीन!"

"करा ना. फोन खिशात असेल. कुठे अडकलाय म्हणून सांगणार?"

त्यांनी पोलिसांना फोन केला नाही. बायकोला केला. काकू धापा टाकत वर आल्या, बंद कुलूप पाहिलं, पायरीवर बसलेली चष्मेवाली पाहिली, आणि पदराने तोंड पुसलं.

"अगं, त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. उघड."

"तुम्हाला माहीत होतं, काकू?"

काकूंनी कठडा धरला. मग म्हणाल्या, "दुपारी ते झोपत नाहीत, एवढं माहीत होतं."

पाच वाजता नर्स कामावरून आली. काकूंच्या पर्समधली रक्तदाबाची गोळी तिने कागदाच्या पुडीत घालून दाराखालून आत सरकवली. "पाण्याचा माठ ओट्यावर आहे, काका," ती म्हणाली आणि चष्मेवालीशेजारी बसली. साडेपाचनंतर एकेक जण घरी परतू लागला. जिन्यात बघता बघता वीसेक माणसं जमली. काय झालं, काय झालं? नर्सने थोडक्यात सांगितलं. पहिल्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, "आमच्या वाटणीच्या कागदांचं भावाला कसं कळलं, ते आत्ता कळलं." कोणीतरी खाली पळालं, आपली चावी आणायला.

तेव्हा आतून काका ओरडले. "अहो, ऐका सगळे! हिची मुलगी वेडी होती! दवाखान्यात होती तीन महिने! हिने लपवलं तुमच्यापासून! अशा मुलीच्या हाती लहान पोरं द्यायची? मी केलं ते सगळ्यांच्या सुरक्षिततेसाठी केलं!"

सगळ्यांनी चष्मेवालीकडे पाहिलं. सात वर्षं उराशी धरलेली गोष्ट आता तिन्ही मजल्यांवर पसरली होती, आणि त्याला कारण तिने स्वतः लावलेलं कुलूप होतं. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, उघडावं दार, मिटवावं सगळं. मग ती उठली आणि दाराला तोंड लावून म्हणाली,

"आजारी होती. बरी झाली. तुमचं काय, काका? तुम्ही कधी बरे होणार?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्या एका हसण्याने काकांचा धीर सुटला असावा. सात वाजता दाराखालून कागद आला. खाली सही आणि तारीख, तेच फळ्यावरचं वळणदार अक्षर.

तिने कागद दोनदा वाचला, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला आणि कुलूप काढलं. काका मान खाली घालून जिना उतरले. कोणी वाटेतून सरकलं नाही. त्यांना प्रत्येकाच्या खांद्याला अंग घासत जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ती तो कागद घेऊन शाळेत गेली. मुख्याध्यापिकेने वाचला, चष्मा काढला, माफी मागितली आणि जागा भरली गेल्याचं सांगितलं. आठ दिवसांत चावीकाकांनी सचिवपद सोडलं. ते आता सकाळी सगळ्यांच्या आधी फिरायला जातात, कोणी भेटू नये म्हणून. चष्मेवाली मुद्दाम त्याच वेळी जिना उतरते आणि हसून विचारते, "काय काका, बरं आहे ना?" काकूंनी बाहेर पडणंच सोडलं. त्याचं तिला वाईट वाटतं. तरी एक सकाळ ती चुकवत नाही.

लेक पंधरा दिवसांनी आली. तिला नर्सने फोन करून सगळं सांगितलं होतं. ती कॉटवर बसली.

"म्हणजे आता सगळ्यांना माहीत झालं."

"हो," आई म्हणाली. "माझ्यामुळे."

"तुला त्याला धडा शिकवायचा होता. मला विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं."

"म्हणून विचारलं नाही."

लेकीने तिच्याकडे रोखून पाहिलं. आईने नजर खाली घेतली नाही. "मी तुझ्यावर संशय घेतला," लेक शेवटी म्हणाली, "ते चुकलं माझं. पण हे केलंस तेही मला आवडलेलं नाही."

"नको आवडू दे."

"पुढच्या शाळेत मुलाखतीला जाईन तेव्हा मीच आधी सांगणार आहे. तू मध्ये पडायचं नाहीस."

"नाही पडणार."

लेक स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं, आणि तिथूनच विचारलं, "तो आत असताना रडला का गं?"

खरं सांगावं की नाही, याचा आईने विचार केला.

"शेवटी शेवटी," ती म्हणाली.

"मग ठीक आहे," लेक म्हणाली, आणि दोन कप काढले.