दोन डब्यांची चूल

पुलावरून पाणी वाहत होतं, गॅस कालच संपला होता आणि प्यायचं पाणी उरलं होतं जेमतेम पातेलंभर. वहिनी तापाने फणफणलेली, तिला दूध येईना. दादा पुलापलीकडे अडकलेला. तीन आठवड्यांची भाची रडून रडून आता गप्प पडली होती, आणि तिचं ते गप्प पडणंच मला खात होतं. दुधाची पावडर होती, पण पाणी उकळल्याशिवाय ती कालवायची कशी?

गच्चीवर मांडलेली विटांची चूल वाऱ्याने दोनदा विझवली. तेव्हा बाबांनी पावडरीचा रिकामा डबा घेतला, त्यात टोमॅटोचा लहान डबा बसवला, खाली-वर भोकं पाडली. मधून हवा खेळणार, लाकूड कमी लागणार. बाबा पत्रेवाले. चाळीस वर्षं डबे, नरसाळी, पन्हाळी केलेला माणूस. हात अजून शाबूत, स्वभावाचं विचारू नका.

मी मोडक्या खुर्चीचे पाय फोडून आणले. जाळ सरळ उठला. बाबांनी वर तीन पायांचं कडं ठेवलं आणि त्यावर पातेलं. कडं त्यांनीच पूर्वी केलेलं, मोठ्या बरणीखाली ठेवायला. पायांचे सांधे जोडणारं कथील चकाकत होतं.

"बाबा, हे झाळलेलं आहे. विस्तवात कथील वितळेल!"

"माझा एक सांधा आजवर सुटलेला नाही."

"बरणीखाली नाही सुटला. ही चूल आहे. उतरवा ते."

"तू शिकव आता मला."

असा संताप आला! इथे लेकरू निपचित पडलंय आणि यांना सांध्याचं पडलंय. मी पुढे झाले, त्यांनी हात आडवा घातला. पाण्यात बारीक बुडबुडे दिसू लागले होते. तेवढ्यात एक चकचकीत थेंब निखाऱ्यात पडला. मग दुसरा. एक पाय सुटला, पातेलं कलंडलं, आणि मी ते दोन्ही हातांनी धरलं.

पाणी वाचलं. तळवे पोळून निघाले.

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझे हात ओल्या फडक्यात गुंडाळले आणि कातर उचलली.

"कसं करू?" त्यांनी विचारलं.

"तिसरा डबा घ्या. दोन्ही टोकं उडवा, कडेला खिडक्या कापा. सांधा नकोच."

त्यांनी तसंच कापलं आणि कड्याच्या जागी ठेवलं. पाणी खळखळून उकळलं. पावडर कालवून भरलेली बाटली निवल्यावर त्यांनी माझ्या मनगटावर थेंब टाकला.

"गरम नाही ना? नीट सांग हं."

चाळीस वर्षं कुणाला न विचारलेला माणूस दुसऱ्यांदा मला विचारत होता. मी मान हलवली. बाटली त्यांनीच धरली. भाचीने आधी तोंड फिरवलं, मग ओढायला लागली, आणि आम्ही दोघंही रडलो.