शनिवारी बाराच्या आत

विनोदच्या कंपनीत हजार दिवस एकही अपघात झाला नव्हता. त्या खुशीत साहेबांनी चिठ्ठ्या टाकून सहा कामगारांना सहकुटुंब सहल द्यायचं जाहीर केलं, आणि सहावी चिठ्ठी निघाली ती विनोदची. चार माणसं, दोन पर्याय. एक तर तीन दिवस थीम पार्क, मोठमोठे पाळणे, पाण्यातल्या घसरगुंड्या, राहायला हॉटेल. नाहीतर मुंबईहून गोव्यापर्यंत क्रूझ, दोन रात्री समुद्रात. शनिवारी दुपारी बाराच्या आत कंपनीच्या ॲपवर काय ते भरायचं. त्यानंतर बदल होणार नाही.

गुरुवारी संध्याकाळी बोईसरजवळ सरावलीच्या त्यांच्या दोन खोल्यांत हाच विषय होता.

"बोटच," विनोद म्हणाला. तो जत तालुक्यातला. पाण्याच्या टँकरमागे हंडे घेऊन पळण्यात त्याचं लहानपण गेलेलं. "अकरा मजली बोट आहे. वर पोहायचा तलाव. समुद्रात तलाव, बोला!"

"मला पार्क हवाय," समिधा म्हणाली. ती दहावीला होती. "आमच्या क्लासमधल्या सगळ्या जाऊन आल्यात. बोटीवर काय, नुसतं पाणीच बघायचं."

भाग्यश्री पोळ्या लाटत होती. तिने वर न बघता म्हटलं, "पार्कच बरा. पोरीची हौस होईल."

आणि मग हलकेच डोळ्यांनी खुणावलं. दाराशी पाटावर तिची आई, नर्मदा, मांदेली साफ करत बसली होती. विनोदला खूण कळली. या घरात नर्मदाबाईंसमोर समुद्राचा विषय कुणी लांबवत नसे.

नऊ वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या नवापूरहून मासेमारीला गेलेली जितेशची बोट परत आली नव्हती. पाच जणांतले दोघे दुसऱ्या बोटीने उचलून आणले. जितेश, भाग्यश्रीचा धाकटा भाऊ, त्या दोघांत नव्हता. त्या वर्षाच्या शेवटी भाग्यश्रीने आईला किनाऱ्यावरच्या घरातून उठवून सरावलीला आणलं. तेव्हापासून नर्मदाबाई बोईसरच्या बाजारात जाऊन मासळी घेत, भाव करत, घरी आणत. पण किनाऱ्याचं नाव कुणी काढलं नाही, त्यांनीही नाही.

शुक्रवारी भाग्यश्री नेहमीप्रमाणे कोळगावला कामावर गेली. जिल्ह्याच्या मुख्यालयात ती संगणकावर नोंदी घेण्याचं काम करायची. कंपनीच्या ॲपचं लॉगिन विनोदने तिच्याकडेच देऊन ठेवलं होतं, कारण फॉर्म, अर्ज, ओटीपी ही सगळी तिची खाती. विनोद सकाळी म्हणालाही होता, "आज रात्री सगळे बसून ठरवू, मग भर."

जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि फोन हातात घेतला. बोटीचा फोटो होता. पांढरीशुभ्र बोट, आणि चहूबाजूंनी पाणी. कुठेही जमीन नाही. तिने घाईघाईने खालचा, पार्कचा पर्याय दाबला, ओटीपी टाकला, चार नावं भरली आणि फोन पालथा ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या वैभवीने विचारलं, "काय झालं गं? चेहरा का असा?" "काही नाही, भाजी तिखट झालीय," भाग्यश्री म्हणाली.

संदेश विनोदच्या फोनवरही जाणार, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

तो घरी आला तो बूट न काढताच उभा राहिला. "तुमची थीम पार्क सहल नोंदवली आहे," त्याने स्क्रीन वाचून दाखवली. "कुणी नोंदवली?"

"मी."

"रात्री ठरवायचं होतं ना?"

"त्यात काय ठरवायचं? आईला बोटीवर न्यायचं का? कसं वाटेल तिला? नऊ वर्षांत एकदा तरी तुम्हाला—"

"हळू बोल."

पण आवाज चढला होता. विनोद एरवी भांडणारा माणूस नव्हता. त्या दिवशी मात्र तो सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "आईंना विचारलंस?"

"विचारायला कशाला पाहिजे?"

"विचारलंस का, एवढंच सांग."

समिधा आतून बाहेर आली. "मम्मी, मला पार्क हवाय म्हणून तू केलंस असं सांगू नकोस हां. मला हवाय, पण असा नको." एवढं बोलून ती पुन्हा आत गेली आणि दार लावून घेतलं.

नर्मदाबाई स्वयंपाकघरात होत्या. पलीकडे त्यांना सगळं ऐकू जात होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. जेवताना त्या नेहमीसारख्याच वागल्या. फक्त भात घेतला नाही.

शनिवारी विनोद पहाटेच पहिल्या पाळीला गेला. त्याच्या प्लांटमध्ये फोन चालत नाही, गेटवर जमा करावा लागतो. समिधा क्लासला गेली. भाग्यश्रीला सुट्टी. ती अंघोळ करून बाहेर आली तर घर रिकामं. आईचा फोन चार्जिंगला लावलेला. चपला नाहीत.

बाजारात गेली असेल, असं म्हणून तिने अर्धा तास काढला. मग जिना उतरून खाली आली. तळमजल्यावरची सुलू ओट्यावर गहू निवडत होती.

"मावशी तर कधीच गेल्या," सुलू म्हणाली. "नवापूरच्या रिक्षात बसल्या. मी हाक मारली, तर नुसता हात केला."

भाग्यश्री तशीच वर धावली. तिने पर्स घेतली, दाराला कुलूप लावलं, खाली समोर आली ती रिक्षा थांबवली. शेअर रिक्षाची वाट बघायलाही थांबली नाही. कारखान्यांच्या भिंती, पाइप, टँकरची रांग, मग मोकळं माळरान, मग ताडाची झाडं. वाऱ्याला खारट वास आला, तशी तिने ओढणी नाकाला लावली. नऊ वर्षांत ती या रस्त्याने आली नव्हती. माहेरची लग्नं होती, बारशी होती. प्रत्येक वेळी काहीतरी कारण निघायचं.

जुन्या घराला कुलूप होतं. ती तशीच किनाऱ्याकडे गेली. बांबूंच्या वलाण्यांवर बोंबील वाळत होते. एक बाई जाळ्याची फाटकी बाजू शिवत बसली होती. तिने भाग्यश्रीला ओळखलं.

"नर्मदाकाकीची पोर ना तू? काकी गेली ना शांतारामच्या होडीत."

"कुठे?"

बाईने सुईच्या टोकाने समुद्र दाखवला. "तिकडं. खाडीच्या तोंडाबाहेर जाऊन येतो बोलला. तास झाला असंल. आमी तर बघतच राहिलो. बायका कुठं बसतात होडीत?"

भाग्यश्री वळली. समोर पाणी होतं आणि पाण्यावर ऊन. लांब दोन-चार ठिपके होते. त्यातला एकही हलताना दिसत नव्हता. भरतीचं पाणी वाळू चाटत वर सरकत होतं.

तिने शांतारामला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. आवाक्याबाहेर. शांताराम जितेशचा मित्र. त्या दिवशी ताप होता म्हणून गेला नव्हता, आणि तेवढ्यासाठी कित्येक वर्षं तो बोईसरच्या बाजारात भेटला तरी भाग्यश्रीच्या नजरेला नजर देत नव्हता.

पावणेअकरा झाले. अकरा झाले. तिला बसवेना. ती चार पावलं पुढे जायची, लाट आली की मागे यायची. एकेका ठिपक्यावर डोळे रोखून ती मनात म्हणायची, ही होडी असेल. मग तो ठिपका दुसरीकडेच वळायचा. आई अडुसष्ट वर्षांची. गुडघे दुखतात. पोहता येत नाही. कशाला गेली? काय मनात घेऊन गेली? रात्री भात घेतला नव्हता, तेव्हाच का नाही विचारलं? हा शेवटचा प्रश्न डोक्यात आला आणि ती थांबली. तिने जवळच्या पालथ्या होडीला हात टेकला.

तेवढ्यात समिधाचा फोन. "मम्मी, घराला कुलूप का?"

"आजीला आणायला आलेय."

"कुठून?"

"येते," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी इंजिनाचा आवाज आला. खाडीच्या वळणावरून एक निळी होडी आली आणि तिच्या मधोमध, फळीला दोन्ही हातांनी धरून, नर्मदाबाई बसल्या होत्या. लुगडं भिजलेलं. केस सुटलेले. शांतारामने होडी गुडघाभर पाण्यात आणली, उतरला, आणि त्यांना लहान मुलासारखं उचलून वाळूवर ठेवलं.

भाग्यश्री धावत गेली आणि ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवलं नाही. शांताराम मान खाली घालून म्हणाला, "काकी सकाळपासून धक्क्यावर बसली होती. नाय बोललो दोन वेळा. तिसऱ्यांदा 'नाय' बोलता आलं नाय."

"त्याला नको बोलू," नर्मदाबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "मीच बोलले, ने. उलटी पण झाली मला. त्याची जाळी खराब केली."

"का गेलीस तू? जीव जातो माझा इथे! तुला काही झालं असतं तर?"

नर्मदाबाई वाळूत बसल्या. लुगड्याचा पदर पिळला. मग म्हणाल्या, "चाळीस वरसं मी हितं उभी राहिले. तुझा बाप होता तवा त्याच्यासाठी. मग जितेशसाठी. माणसं जायची आणि आमी बघायचो. तिकडनं हा किनारा कसा दिसतो, ते मला कोणी सांगितलं नाय. मी पण नाय विचारलं. परवा जावई बोटीचं बोलले, तवा वाटलं, जाऊन बघावं. तुला सांगणार होते. तू तोवर भरून टाकलं."

"मी तुझ्यासाठीच—"

"माझ्यासाठी नाय." आवाजात राग नव्हता. "माझं नाव पुढं करून तू घाबरते. मी नऊ वरसं गप राहिले. म्हटलं, पोरीला आधार वाटतो तर वाटू दे. पण आता मी म्हातारी झाले. आता नाय गेले तर कवा जाऊ?"

भाग्यश्री उभी होती, ती खाली बसली.

"जितेश गेला त्या दिवसांत तू दवाखान्यात गेली होती," नर्मदाबाई म्हणाल्या. "डहाणूकडं किनाऱ्याला एक मयत लागलं होतं, ते ओळखायला. मला नाय सांगितलं."

भाग्यश्रीने शांतारामकडे बघितलं. तो होडीला दोर बांधत होता. तोच तर तिच्यासोबत आला होता.

"तो जितेश नव्हता," ती म्हणाली. "दुसऱ्या गावचा कुणीतरी होता. पण मी बघितलं ना आई. पाण्याने काय होतं माणसाचं, ते मी बघितलं. तेव्हापासून मला... आंघोळीला डोक्यावर तांब्या घेतला तरी मी डोळे मिटत नाही."

नर्मदाबाईंनी तिचा हात ओढून आपल्या ओल्या मांडीवर ठेवला. भाग्यश्रीने विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. लई वाटली. फळी सोडवेना हातातून. शांताराम बोलला, काकी, फिरवू का मागं? मी बोलले, नको. घाबरलेलीच बसून राहिले. घरं एवढी एवढीशी दिसत होती. वीजघराची चिमणी दिसत होती. आपलं घर काय मला ओळखायला नाय आलं." त्या जराशा हसल्या. "तू पार्कात जा पोरीला घेऊन. काय वाईट नाय. पण माझं नाव लिहू नको त्यात. मला बोटीवर जायचं हाय."

भाग्यश्रीने घड्याळ बघितलं. अकरा वाजून चाळीस मिनिटं. विनोदचा फोन गेटवरच्या पेटीत. विचारायला कुणी नव्हतं.

किनाऱ्यावर नेटवर्कची एक काडी येत-जात होती. ती वलाण्यांच्या मागे, उंच वाळूवर जाऊन उभी राहिली. ॲप उघडायलाच पाच मिनिटं लागली. 'बदल करा'. तीच पांढरी बोट पुन्हा समोर आली. तिने श्वास धरून ती दाबली. नावं पुन्हा भरायची होती. नर्मदा. विनोद. समिधा. चौथ्या रकान्यावर तिचं बोट थांबलं. तो रकाना रिकामा ठेवता आला असता. तीन माणसं गेली असती आणि ती घरी राहिली असती, पुन्हा कुणीतरी परत येण्याची वाट बघत. मघाचा एक तास तिला आठवला. असे तास तिला आता नको होते.

तिने नाव लिहिलं. ओटीपी मागवला. अकरा छप्पन. ओटीपी येईना. तिने फोन डोक्यावर धरला, दोन पावलं डावीकडे गेली, उजवीकडे गेली. खालून शांताराम ओरडला, "त्या विहिरीच्या कठड्यावर चढ ताई, तिथं येतो!" ती कठड्यावर चढली. अकरा अठ्ठावन्नला फोन थरथरला. सहा आकडे. एक चुकला, पुन्हा टाकला. हिरवी खूण आली तशी ती उतरायला वळली. शांतारामने हात दिला. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि तिनेही बघितलं.

समिधाने त्यानंतर दोन दिवस आईशी अबोला धरला. "विचारलं मला?" एवढंच ती म्हणाली. उन्हाळ्यात स्वतःच्या खर्चाने पार्कला न्यायचं तिने कबूल केलं, आणि पुढे नेलंही. पण तेव्हा समिधाच्या मैत्रिणी दुसरीकडे गेल्या होत्या, आणि तिला ते काही तितकंसं गोड लागलं नाही.

डिसेंबरात ते बोटीवर गेले. विनोद पहिल्या तासातच अकरा मजले फिरून आला. भाग्यश्री खोलीतल्या पलंगाची कड धरून बसली होती. खिडकीचा पडदा तिने आल्याआल्या ओढून घेतला होता. पायांखाली कसलीशी बारीक थरथर होती, तेवढीच. दार उघडून समिधा आली.

"मम्मी, आजी बोलावतेय. वारा खूप आहे, तिची शाल घेऊन ये म्हणाली."

"तू ने ना."

"मला सांगितलंय, तुलाच यायचं."

भाग्यश्री उठली. शाल घेतली. लांब गालिचावरून, भिंतीचा आधार घेत, एकेक पाऊल मोजत ती निघाली. शेवटचं, उघड्या डेकवर जाणारं काचेचं दार जड होतं. समिधाने ते ढकलून धरलं आणि वारा भस्सकन तिच्या तोंडावर आला. तिने डोळे घट्ट मिटले, तसेच मिटलेल्या डोळ्यांनी उंबरा ओलांडला, आणि लेकीचा दंड धरून विचारलं, "आजी कुठेय?"