दुसरी खेप

"पहिलटकरीन ती पहिलटकरीन! आन् पहिलं बाळंतपन म्हायेरीच हुतं. ह्यात पंचाईत करण्यासारखं हाय काय?"

छबूबाई आतल्या खोलीच्या दारात, चौकटीला दोन्हीकडून हात लावून उभी होती. तिचा आवाज असा की एकदा तिची हाक ऐकून फाट्यावर निघालेल्या एस.टी.च्या ड्रायव्हरनं गाडी पुन्हा मागं घेतली होती. हाक खरं तर शेळीला होती. ड्रायव्हर शेळी चढेपर्यंत थांबला होता असंही सांगतात, पण तेवढं सोडून देऊ.

त्या आवाजापुढं ओसरीवर बसलेले व्याही कानिफनाथ पार आकसून गेले होते. माणूस पाथर्डीकडचा. दसरा झाला की बिऱ्हाड बैलगाडीत घालायचं आणि ऊसतोडीला जायचं, हे त्यांचं दरसालचं. औंदा टोळी पुढं गेली आणि नवराबायको दोघं मागं राहिली, कारण छबूबाईचा निरोप आला होता : आठवा लागायच्या आत लेकीला घेऊन जा.

"न्यायलाच आलोय, इहीनबाई," ते म्हणाले. "पर पोरगीच उठंना, त्याला मी काय करू?"

पुष्पावती माजघरात चुलीपुढं बसली होती. भाकरी तव्यावर होती आणि ती करपत चालल्याचं तिला दिसत होतं.

"माझं दुसरं हाय," ती भाकरीलाच सांगावं तसं म्हणाली. "दुसरं सासरी हुतं."

"घ्या! ऐकलं का?" छबूबाईनं ओसरीच्या टोकाला बाजेवर बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. पुंजारामनं ऐकलं होतं. तो ऐकण्याचंच काम करायचा. गावात असं म्हणत की पुंजाराम लग्नात मंगलाष्टकांना गप्प बसला तो अजून बोलायचाय.

पहिलं झालं ते दुष्काळाच्या साली. तेव्हा पुष्पावती माहेरी गेली ती खरी तळ्याच्या कामावर गेली. सगळं माहेरच तिथं खोपी घालून माती उपसत होतं. पोरगी खोपीत झाली आणि बारशाच्या आधीच गेली. इकडं गोरक्षनं, म्हणजे छबूबाईच्या लेकानं, नागापूरच्या कारखान्यातून सुटल्यावर सायकल मारत कापडबाजार गाठून झबलं आणून ठेवलं होतं. निरोप आला तसं छबूबाईनं ते झबलं कुणाला तरी देऊन टाकलं आणि त्या विषयावर झाकण ठेवलं. पोरगी या घरातल्या कुणी पाहिली नव्हती. न पाहिलेल्याचं रडायचं कसं हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून कुणी रडलं नाही.

आणि आता सून म्हणत होती, दुसरं.

दुसरं म्हटलं की बाळंतपण सासरी, आणि सासरी म्हटलं की आतली खोली. दुसरी जागाच नव्हती. घर ते केवढं? पुढं ओसरी, मधे माजघर, आत अंधारी खोली. ओसरीवर पुंजाराम. माजघरात चूल, जातं, मडक्यांची उतरंड, आणि जुनं लुगडं आडवं बांधून केलेल्या आडोशाला लेक-सून. आतल्या खोलीत छबूबाई. लेकाचं लग्न झालं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता ही खोली सोडील. तिनं सोडलं ते आडोशापुरतं एक लुगडं. तिच्या बिछान्याखाली मोहरांचा हंडा आहे असं काही जण म्हणत. काहींनी त्यावर नागही बसवला होता, आणि एकानं तर त्या नागाला छबूबाई रोज दूध पाजते हे डोळ्यांनी पाहिलं होतं. छबूबाईच्या कानावर ते सगळं यायचं. येऊ दे म्हणायची. त्या खोलीत बाळंतीण निजवायची नाही हे तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि का ते कुणाला सांगायचं नाही, हेही.

"पोरी," ती आवाज जरा उतरवून म्हणाली, "जे ऱ्हायलं न्हाई ते धरत न्हाईत. रीत हाय ती. तू पहिलटकरीनच. जा आईपाशी, सुखानं बाळंत हो, न् ये."

"इहीनबाई," कानिफनाथ मधेच बोलले. डोक्याचा पटका काढून त्यांनी मांडीवर ठेवला होता आणि त्याच्याशीच ते बोलत होते. "तिला तिकडं यायचं न्हाई, त्याला कारन हाय. त्या तान्हीला तिथंच मातीत ठिवली हुती. बांधाच्या आतल्या अंगाला, बाभळीखाली. आमाला काय ठावं पानी तितवर यील? पयल्याच पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. लोकांनी नारळ फोडले, गुलाल उधळला. म्या बी उधळला. लई उधळला. मंग घरी येऊन जेवाय बसलो, तवा ध्यानात आलं."

भाकरीचा करपट वास घरभर झाला. पुष्पावतीनं ती तव्यावरून काढली, पण कुठं ठेवायची ते न सुचून हातातच धरली.

"तिकडं ती पान्याखाली," ती म्हणाली. "हितं ती झालीच न्हाई. मंग ती हाय कुठं, आत्याबाई?"

छबूबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. एरवी तिचं उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असे. आता चौकटीवरचा एक हात सुटला, मग दुसरा. ती उंबऱ्यावरच खाली बसली.

"ह्या खोलीत नगं," ती म्हणाली. हा आवाज तिचा आहे हे शेळीनंही ओळखलं नसतं. "ह्या खोलीत माझी दोन गेली. गोरक्षच्या आधीची. एक पाचवी पुजायच्या आत. दुसरी कुडाला धरून उभी ऱ्हायला लागली हुती. मंजुळा नाव ठिवलं हुतं. गोरक्षच्या येळंला म्या आत आलेच न्हाई. रानात गेले, कडब्याच्या गंजीआड झाला, तो जगला. तवापसून म्या हितं निजती. दुसरं कुनी निजू नये म्हून निजती. तू पहिलटकरीन हायेस म्हनलं, की तुला ह्या खोलीपासून लांब धाडता येतं. दुसरं मला काय बी सुचलं न्हाई, बाई."

पुंजाराम बाजेवरून उठला होता. लेकरं त्याचीही होती, ती गेल्याचं त्याला ठाऊक होतं. पण बायकोनं आपली बाज ओसरीवर काढली ती आपल्यावर रुसून, असंच तो आजवर समजत आला होता. सगळा उमेदीचा काळ त्यानं तो रुसवा मुकाट्यानं सोसला. मनवायला जावं तर आपला गुन्हा काय ते माहीत नव्हतं. तो बायकोपाशी आला.

"मंग खोली नगंच," तो म्हणाला. "माजघर हाय की."

आणि त्यानं सरळ उतरंडीचं वरचं मडकं उचललं.

"आवं, फोडाल! त्यात मीठ हाय!" छबूबाई उठली. "खालून हात घाला, खालून! पाव्हनं, बसलाय काय? ती पहार घ्या कोपऱ्यातली, जातं उपटायचंय. पुष्पे, तू हात लावायचा न्हाई कशाला. ती भाकर ठिव आधी खाली, किती येळ धरलीया."

मग त्या घरात जी उलथापालथ झाली तिला तोड नव्हती. मडकी, डबे, सुपं, उखळ आतल्या खोलीत गेलं. छबूबाई होती तिथंच राहणार होती. ती जागा तिची, त्याबद्दल आता कुणी काही विचारलं नाही. चूल ओसरीच्या कोपऱ्यात नवी मांडायची ठरली. लुगड्याचा आडोसा सुटला, गोरक्षची वळकटी ओसरीवर आली. पुंजारामची बाज गोठ्यात निघाली, तेव्हा शेळीनं त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की तो बिचारा आधी विचारून मगच आत शिरला. कानिफनाथांनी जात्याभोवतीची जमीन खणायला घेतली. तळं खणलेला माणूस, जातं ते केवढं. पण ते सावकाश खणत होते. एकेक ढेकूळ हातानं उचलून बाजूला ठेवत होते.

वाड्यावस्त्यांवरच्या बातम्या डोक्यावरच्या पाटीसारख्या वाहून नेणारी भीमाबाई शेजारून डोकावली.

"काय गं छबू, घर इकायला काढलंस का काय?"

"घर न्हाई, जीभ इकायची हाय. तुझी घेतं का कुनी, बघ," छबूबाई म्हणाली. "सुनंचं बाळंतपन हाय. माजघर मोकळं करतोय."

"आगं पर पहिलटकरीन ना ती? म्हायेरी न्हाई का धाडत? का त्यांच्याकडं..." भीमाबाईनं कानिफनाथांकडं बघत वाक्य लटकतं ठेवलं.

पहार थांबली. पुष्पावती भिंतीला टेकून बसली होती, तिनं मान वर केली नाही.

छबूबाईच्या काखेत पाण्याची घागर होती. ती तिनं आधी नीट खाली ठेवली.

"दुसरी खेप हाय तिची," ती म्हणाली. ओरडली नाही, साधंच म्हणाली. "थोरली नात हुती मला. दुष्काळात गेली."

"आगं बया! आमाला ठावंच न्हाई."

"आता झालं ना ठावं? जा, सांग जा समद्यांला."

भीमाबाई खरंच गेली, आणि तिनं ते सांगितलंही. पाठमोऱ्या कानिफनाथांनी पटक्याच्या टोकानं नाकडोळे पुसले आणि पुन्हा पहार उचलली. जातं निघालं. त्याच्याखालची जमीन पांढरी, भुसभुशीत होती, वर्षानुवर्षं पीठ झिरपून. दुपारच्या गाडीला कानिफनाथ निघाले. टोळी अजून राहुरीच्याच बाजूला असेल, गाठता येईल म्हणाले. जाताना लेकीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, आणि छबूबाईला रामराम करून निघून गेले.

माजघर मोकळं झाल्यावर आधी वाटलं होतं त्याहून मोठं निघालं. छबूबाई पदर खोचून सारवायला बसली. खड्डा बुजवून चोपला होता, त्यावर शेणाचा हात फिरवत ती मागं मागं सरकत होती. वाकायचं नाही म्हणून बजावलेली पुष्पावती मधल्या लाकडी मेढीला टेकून पाय लांब करून बसली होती.



"कुनासारखी हुती गं?" छबूबाईनं विचारलं. मान खालीच होती.

पुष्पावतीला पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही. कुणी कधी विचारला नव्हता. गोरक्षनंही नाही.

"रंग माझ्यावानी," ती हळूहळू म्हणाली. "जावळ लई. आन् उजव्या कानाची पाळी अशी मुडपल्याली हुती."

छबूबाईचा हात थांबला.

"गोरक्षची बी तशीच हुती," ती म्हणाली. "मंजुळेची बी. आमच्यात असतीच तशी. रोज कोमट त्याल लावून बोटानं दाबायची, हुती सरळ."

"म्या बी लावत हुते," पुष्पावती म्हणाली. "हुईल म्हनलं सरळ."

छबूबाईचे हात कोपरापर्यंत शेणानं भरले होते. तिनं दंडानंच तोंड पुसलं आणि पुन्हा सारवायला लागली. पुष्पावती उठायला लागली तशी सासू म्हणाली, "बस तू. तुला न्हाई उठवत." आणि ती सुनेला वळसा घालून पुढं गेली. सून बसली होती तेवढी जागा सोडून तिनं भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळं माजघर सारवलं, आणि सरकत सरकत आतल्या उंबऱ्याशी पोचली.

आता सगळीकडून ओलं होतं, मधे तेवढंच कोरडं. वाळेपर्यंत पुष्पावतीला उठता येणार नव्हतं. छबूबाईला आत जाऊन हात धुता आले असते. ती तशीच, भरल्या हातांनी, उंबऱ्यावर बसून राहिली.