मर्लच्या शर्टाची शेपटी

हॉकनबेरींच्या डोंगरातल्या शिकारी कॅम्पात एक जुना रिवाज होता. नेम चुकून हरीण निसटलं, की संध्याकाळी त्या माणसाला लाकडाच्या स्टोव्हसमोर उभं करायचं, कात्रीने त्याच्या शर्टाची मागची शेपटी कापायची, तिच्यावर नाव आणि साल लिहायचं आणि ती तुळईला खिळ्याने ठोकायची. चौकड्यांच्या, पट्ट्यांच्या, धुराने तपकिरी पडलेल्या शेपट्यांनी तुळई भरून गेली होती. त्यात मर्ल हॉकनबेरीची एकही नव्हती. मर्लचा नेम चुकत नसे. मार्चमध्ये तो गेला तेव्हा पाद्रीबुवांनी शवपेटीशेजारी उभं राहून हेच सांगितलं, आणि बायबलमधल्या वचनांपेक्षा या वाक्याला चर्चमधल्या पुरुषांनी जास्त माना डोलावल्या.

त्याच्या बायकोने, अर्डिथने, मान डोलावली नाही. तिच्या डोक्यात त्या वेळी कॅम्पातली स्टोव्हजवळची खाट होती.

खाटांचाही नियम होता. पेनसिल्व्हेनियात नाताळाच्या दुसऱ्या दिवसापासून ठासणीच्या बंदुकांचा हंगाम सुरू होतो, चकमकीच्या दगडाने पेटणाऱ्या, पणजोबांच्या काळातल्या. त्या हंगामात जो नवा माणूस पहिल्याच दिवशी डोंगरात जाऊन हरीण नाहीतर शेपटी घेऊन परत येईल, खाट त्याची कायमची. हंगामभर रिकामी राहिलेली खाट दुसऱ्या कुणाला तरी मिळे. मर्लचा धाकटा भाऊ लॉइड एप्रिलमध्ये बटाट्याचं भरीत घेऊन सांत्वनाला आला, आणि भरीत टेबलावर ठेवतो न ठेवतो तोच मुद्द्यावर आला.

"खाट माझ्या जावयाला द्यावी म्हणतो."

"ती मला हवीय," अर्डिथ म्हणाली.

"तुला? काय करणार तिचं?"

"खाटेचं काय करतात, लॉइड? झोपणार."

"अगं, तिथे शिकारी झोपतात."

"मग मी शिकार करीन."

लॉइड इतका हसला की कॉफी त्याच्या नाकातून आली.

दर हिवाळ्यात मर्ल पंधरवडाभर त्या कॅम्पात राहायचा. अर्डिथ त्याला दारापर्यंत येऊन सफरचंदाचा केक बांधून द्यायची, आणि तो परतला की लोकरीच्या कपड्यांना येणारा धुराचा वास धुऊन काढायची. ती स्वतः तिथे कधी गेली नव्हती. बायका जात नसत, आणि तिलाही कधी जावंसं वाटलं नव्हतं. आता मात्र घरातला मर्लचा कानाकोपरा बघून झाला होता, आवरून झाला होता, कपडे चर्चला देऊन झाले होते. न पाहिलेला मर्ल तेवढा त्या खाटेपाशी शिल्लक होता. तिथे लॉइडचा जावई घोरणार हे तिला सहन होणारं नव्हतं.

नव्या शिकाऱ्याला सरकारी वर्ग सक्तीचा असतो. अर्डिथ निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवायची, त्यामुळे वर्गात शेजारी बसलेली दहा-बारा वर्षांची पोरं तिच्याच बसमधली निघाली. ती आत आल्याबरोबर सगळी गपगार झाली. मास्तरांना वाटलं, आपलाच दरारा.

वर्ग झाल्यावर ती मर्लची बंदूक घेऊन एल्वुडकडे गेली. एल्वुड गावातला बंदुका दुरुस्त करणारा. कॅम्पाशी त्याचा संबंध नव्हता, कारण त्याला हरणाचं मांस पचत नसे.

"पहिला धडा," तो म्हणाला. "कुठलीही बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. पाद्रीबुवांनी हातात दिली तरी." त्याने ठासायचा लाकडी गज नळीत सोडला. "ही खूण बघ. नळी रिकामी असेल तर गज या खुणेपर्यंत आत जातो. ही दुसरी भरल्या नळीची."

गज पहिल्या खुणेच्या बोटभर अलीकडेच अडला. एल्वुडने भुवया उंचावल्या. त्याने नळीबाहेरच्या छोट्या वाटीत आणि तिथून आत जाणाऱ्या बारीक भोकात तेल सोडलं, म्हणजे चुकूनही पेट घ्यायला नको. मग गजाच्या टोकाला स्क्रू लावला, आत फिरवला आणि जोर लावून ओढला. शिशाची गोळी बाहेर आली, चरबी लावलेल्या चिंधीत गुंडाळलेली. त्याने नळी उलटी करून कागदावर ठोकली. काहीच पडलं नाही.

"दारूच नाही घातलेली," एल्वुड म्हणाला आणि खो खो हसला. मग बंदूक कुणाची ते आठवून एकदम थांबला.

अर्डिथला कळेना. तेव्हा त्याने सांगितलं. ठासणीच्या बंदुकीत आधी दारू ओतायची, मग चिंधीतली गोळी तिच्यावर ठासायची. माणूस घाईत असला, लक्ष दुसरीकडे गेलं, तर दारू राहून जाते आणि नुसती गोळी आत बसते. मग समोर हरीण उभं असतं, आपण चाप ओढतो, बाहेरच्या वाटीतली चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक, भुर्रकन पेटते, आणि पुढे काही नाही. गोळी जागची हलत नाही.

"हंगामाच्या शेवटच्या दिवशी घरी येऊन काय म्हणाला होता तो?"

"हरीण दिसलंच नाही म्हणाला. दोन वाडगे सूप प्यायला आणि झोपला."

एल्वुडने गोळी तिच्या तळहातावर ठेवली. तिच्यात स्क्रूचं भोक पडलं होतं. "मी काही पाहिलं नाही बरं का," तो म्हणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याच्या धंद्याला फार लवकर कळतं.

उन्हाळाभर ती एल्वुडच्या मागच्या शेतात शिकली. पहिल्या दिवशी चाप ओढताना डोळे मिटले, आणि गोळी कुठे गेली ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. सडक्या अंड्यांच्या वासाचा पांढरा धूर नाकातोंडात जाई. घरी येईपर्यंत तोंड काळं झालेलं असे आणि शेजारीण पडद्याआडून बघत असे. मका कापणीला आला तोपर्यंत खुंटीला लावलेल्या कागदी थाळीला ती बहुतेक वेळा भोक पाडू लागली. एल्वुड स्तुती करणाऱ्यांतला नव्हता. "थाळी मेली," एवढंच म्हणायचा. पण एक गोष्ट तो रोज सांगायचा, "ठासताना कुणाशी बोलायचं नाही. घराला आग लागली तरी आधी बंदूक भरून घे, मग पाणी आण."

नाताळाच्या दिवशी संध्याकाळी ती कॅम्पात पोचली तेव्हा अंगात मर्लचा लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी शर्ट होता. चर्चला देताना तेवढा एक तिने मागे ठेवला होता. तो तिला गुडघ्यापर्यंत येत होता. खिशात ती गोळी होती. स्टोव्हजवळची खाट दिसायला अगदीच साधी निघाली, मध्ये खोलगट झालेली. ती बसून बघत राहिली.

"स्वयंपाकाचं काय?" लॉइडने विचारलं.

"ज्याला भूक लागेल तो करील."

म्हातारा हार्लन कोपऱ्यात खुसखुसला. हार्लन कॅम्पातला सगळ्यांत वडीलधारा, आणि तिथला शेवटचा शब्द त्याचा. आणखी दोघे होते, बड आणि ड्वेट. एक कमी बोलायचा आणि दुसऱ्याला ऐकू कमी यायचं.

सकाळी उजाडताना सगळे अंगणात बंदुका भरत होते. थंडीने बोटं वाकत नव्हती. अर्डिथने मापातून दारू ओतण्यासाठी दारूने भरलेलं शिंग उचललं, तेवढ्यात लॉइड रिकामा कप घेऊन दारात आला.

"अर्डिथ, साखर कुठे ठेवलीय?"

जन्मभर तिला कुणी ना कुणी साखर कुठेय ते विचारत आलं होतं. तिने मान वळवली. "फडताळात. डाव्या हाताला. पिठाच्या मागे." मग ती परत वळली, चिंधी घेतली, गोळी ठेवली आणि गजाने दाबून बसवली. गजाच्या खुणेकडे बघायचं राहिलं, कारण लॉइड आतून ओरडत होता की पिठाच्या मागे मीठ आहे.

हार्लनने तिला ओढ्याच्या वरच्या अंगाला एका हेमलॉकच्या बुंध्याशी उभं केलं. बाकीचे खालून झाडीतली हरणं हाकत येणार होते. तिने वाटीत रंजक टाकली आणि वाट बघत राहिली. पाय बधिर झाले. मग काटक्या मोडल्या आणि एक लठ्ठ मादी बर्फातून सावकाश चालत आली, थेट समोर, आडवी, कागदी थाळीपेक्षाही जवळ. अर्डिथने घोडा चढवला, नळीच्या टोकावरची नेमाची माशी मादीच्या खांद्यामागे धरली आणि चाप ओढला.

भुर्र झालं. थोडा धूर निघाला. मादीने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

अर्डिथने पुन्हा रंजक टाकली, पुन्हा चाप ओढला. पुन्हा भुर्र. मादी आणखी थोडा वेळ बघत राहिली, शेजारीण बघते तशी, आणि शेपटी उंचावून निघून गेली.

तिने गज काढून नळीत सोडला. तो भरल्या नळीच्या खुणेच्याही खाली गेला. तेव्हा तिला कळलं. आधी तिला हसू आलं, मोठ्याने. मग ती बुंध्याला टेकली. गेल्या वर्षी मर्लही असाच कुठेतरी उभा असणार, गज हातात धरून. मग तो घरी आला, सूप प्यायला आणि तिच्याशी खोटं बोलला. तिला त्याचा राग आला. एवढंसं सांगायलाही तो लाजला, आणि तेही तिला सांगायला. आणि त्याच क्षणी तो तिला इतका हवासा वाटला की तिने शर्टाची बाही तोंडात धरली.

संध्याकाळी स्टोव्हभोवती सगळे निवाड्याला बसले.

"हरीण आणलं नाही," लॉइड म्हणाला. "बंदूक उडालीच नाही, म्हणजे नेमही चुकला नाही. हरीण नाही, शेपटी नाही. मला वाईट वाटतं गं, पण नियम म्हणजे नियम."

"तिने चाप ओढला ना?" बड म्हणाला.

"चाप तर मीही ओढतो घरी सोफ्यावर बसून."

हार्लनने दाढी खाजवली. "असं पूर्वी घडलंय का इथे? गोळी ठासली आणि दारू विसरली, असं कुणाचं?"

"छे," लॉइड म्हणाला. "आपल्या कॅम्पात? कधीच नाही."

बड स्टोव्हकडे बघू लागला. ड्वेटला ऐकू आलं नसावं.

अर्डिथचा हात खिशात होता. गप्प राहिली तर खाट जाणार होती, बोलली तर मर्लचं नाव. त्या नावापलीकडे त्याने मागे फारसं काही ठेवलंही नव्हतं. पण ते नाव या तुळईवर कुठे होतं? कधीच न चुकलेल्या माणसाची इथे एक चिंधीसुद्धा नव्हती.

तिने गोळी टेबलावर ठेवली.

"ही मर्लच्या बंदुकीतून निघाली. गेल्या हंगामातली. मागे दारू नव्हती."

"खोटं!" लॉइड उठला. "मर्ल? अगं, खाटेसाठी तू मेलेल्या माणसाला..."

"भोक बघ. एल्वुडने स्क्रूने काढलीय. त्याला विचार."

लॉइडने गोळी उचलली, बोटांत फिरवली, आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरला. "त्या सकाळी..." तो म्हणाला. "तो बंदूक भरत होता. मी त्याला मोज्यांचं विचारलं. माझा एक मोजा सापडत नव्हता." तो खाली बसला.

मग हार्लन खाकरला.

"ओढ्यावरचा पूल वाहून गेला त्या वर्षी," तो म्हणाला. "शिंगांना आठ टोकं असलेला नर होता. तीनदा रंजक टाकली मी."

"माझं दोनदा झालंय," बड म्हणाला.

"काय चाललंय?" ड्वेटने विचारलं. बडने त्याच्या कानात ओरडून सांगितलं. "हात्तिच्या! माझं तर दरवर्षी होतं," ड्वेट म्हणाला.

सगळे लॉइडकडे बघू लागले. लॉइडने आधी छताकडे पाहिलं, मग बुटांकडे.

"एकदा," तो म्हणाला. "आणि तेव्हा अंधार होता."

हार्लनने मांडीवर हात आपटला. "चाप ओढला आणि हरीण चालत गेलं, म्हणजे चुकलं. कात्री आणा."

अर्डिथ स्टोव्हसमोर पाठमोरी उभी राहिली. हार्लनने कात्री घेतली, आणि ती जुन्या लोकरीत करकरत गेली. शेपटी त्याच्या हातात आली तेव्हा अर्डिथ म्हणाली, "तिचे दोन तुकडे कर."

हार्लनला विचारावं लागलं नाही. एकावर त्याने तिचं नाव लिहिलं. दुसऱ्यावर मर्लचं, गेल्या वर्षीच्या सालासकट. हातोडी लॉइडने मागून घेतली. स्टुलावर चढून त्याने दोन्ही तुकडे स्टोव्हजवळच्या खाटेच्या बरोबर वर ठोकले, शेजारी शेजारी. खाली उतरल्यावर तो बराच वेळ नाक पुसत राहिला आणि धुराला शिव्या देत राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना अर्डिथ अंगणात बंदूक भरत होती. शर्ट मागून आखूड झाला होता आणि कमरेला गार वारा लागत होता. लॉइड रिकामा कप घेऊन दारात आला. तिच्या हातात शिंग बघून त्याने उघडलेलं तोंड मिटलं.

तिने दारू मोजली, ओतली. चिंधी, गोळी. गज खुणेपर्यंत आला तो तिने नीट वाकून पाहिला. लॉइड तसाच उभा होता, कुडकुडत, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. तिने गज जागेवर खोचला आणि त्याच्याकडे वळून बघितलं.

मग त्याने विचारलं, "साखर कुठेय गं?"