एर्मेकच्या वाटचे पाणी

"ही भरलेली नाही," बाटली कानाशी धरून हलवत एर्मेक म्हणाला.

"भरलेली नाही कशी? माझ्यासमोर भरली बुरुलनं."

"मग येताना तुम्हीच घोट घेतला असेल, बाइके. उघडून बघा."

तुरुसबेकने झाकण काढले. बाटली चांगली चार बोटे रिकामी होती.  बायकोने, बुरुलने, पहाटे जर्दाळू उकळून, गाळून, मीठ घालून किटली भरून दिली होती. त्या किटलीतून त्याने बाटली काठोकाठ भरली आणि परत एर्मेकच्या हातात दिली. एर्मेकने हलवली. आवाज आला नाही, तेव्हा त्याने मान डोलावली.

बालिकची गावाच्या बाहेर, सरोवराच्या काठच्या रस्त्यावर लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी माणसे जमू लागली होती. कुणी पाय झाडत होते, कुणी अजून लोकरी टोपी काढायला तयार नव्हते. पलीकडच्या डोंगरांवरच्या बर्फावर उजेड आला होता, अलीकडे मात्र अजून दात वाजत होते.

तुरुसबेक रेल्वेच्या शेडमध्ये वॅगनचे ब्रेक दुरुस्त करी. वय सत्तावन्न. एर्मेक दवाखान्यात मालिश करी. तो तिशीतला, आणि जन्मापासून आंधळा. सहा वर्षांपूर्वी पाठ धरली म्हणून तुरुसबेक त्याच्याकडे गेला होता. मणक्यावरून अंगठे फिरवता फिरवता एर्मेक म्हणाला होता, "तुम्ही पळणारे दिसता." सैन्यात असताना पळायचो, असे तुरुसबेकने सांगितले. "मग मला घेऊन पळाल का?" इतक्या सरळपणे विचारले की नाही म्हणायला सुचलेच नाही. तेव्हापासून तुरुसबेक त्याचा 'बाइके', थोरला भाऊ, झाला; तेव्हापासून दोघांच्या मनगटांना जोडणारी हातभर दोरी, आणि दर रविवारी सरोवराचा काठ.

पहिल्याच शर्यतीत त्यांना कळून चुकले की वाटेवरची पाण्याची टेबले एर्मेकसाठी नाहीत. तिथे सगळे एकदम आत घुसतात, कुणी मध्येच थांबते, पायाखाली पेले चिरडतात. एर्मेकची मांडी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली होती, हातात दिलेला पेला नाकात गेला होता आणि टेबलावरच्या त्या गोड निळ्या पाण्याने त्याला पुढे उलटी झाली होती. मग जर्दाळूचे पाणी आले. ते त्याच्या पोटाला मानवले. बाटल्या त्याने स्वतःच्या कमरेला बांधूनही पाहिल्या, पण पाणी डुचमळू लागले की त्याला रस्ता ऐकू येईना. शेवटी तुरुसबेकने वॅगनवरच्या जुन्या ताडपत्रीचा पट्टा शिवला, त्याला चार कप्पे केले आणि तो आपल्या कमरेला बांधला. त्या आवाजाची एर्मेकला अडचण नव्हती. बाइके नेमके कुठे आहेत ते त्यावरून कळे, असे तो म्हणायचा.

आज साडेतीन तासांच्या आत पोचले तर राजधानीतल्या धावपटूंच्या शिबिरात एर्मेकला जागा मिळणार होती.

तुरुसबेक पट्टा आवळत होता तेवढ्यात जिपार आली. पोस्टात टपाल वाटणारी, चाळिशीची, काटक बाई. ती त्यांच्याच शर्यतींत पळे आणि दोघांहून वेगाने पळे. तिच्या छातीवर नंबर होता, पण मनगटावर एक पिवळी फीतही होती. तशीच, वाटाड्याची, फीत तुरुसबेकच्या मनगटावर होती.

"हे काय?" त्याने विचारले.

जिपारने एर्मेककडे पाहिले. एर्मेकने तोंड सरोवराकडे फिरवले.

"मीच त्यांचं नाव दिलंय, बाइके. दुसरा वाटाड्या म्हणून. नियमात चालतं, पण आधी सांगावं लागतं."

"मला नाही सांगितलंस ते."

"सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसतात."

"मी मागेमागेच असेन," जिपार म्हणाली. "गरज नाही पडली तर उत्तमच. मला काय, रस्ता तोच आहे."

"गरज नाही पडायची," तुरुसबेक म्हणाला आणि दोरीचा फास एर्मेकच्या मनगटात जरा जास्तच जोरात ओढला.

बंदुकीचा बार झाला. पहिला तासभर दोघे फक्त रस्त्यापुरते बोलले. "खड्डा, डावीकडून." "उतार, हलका." "माणूस पुढे, सरक माझ्याकडे." दर थोड्या वेळाने तुरुसबेक डाव्या हाताने बाटली काढी, दाताने झाकण उघडी आणि एर्मेकच्या मोकळ्या हातात देई. दोन घोट, परत. एर्मेकची पावले मोजून मापून पडत होती. आज याच्या अंगात वारे आहे, हे तुरुसबेकला दोरीतून जाणवत होते, आणि रागातही त्याला ते बरे वाटत होते.

ऊन चढले. खिंडीतून येणारा कोरडा वारा पाठीवर होता. हा वारा फसवतो. अंगावरचा घाम तो आल्या आल्या वाळवून टाकतो, त्यामुळे आपण किती सुकलो ते माणसाला कळत नाही. तुरुसबेकच्या बाह्यांवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते. त्याने ते पाहिले आणि नजर रस्त्यावर वळवली.

अर्धी वाट सरल्यावर एका वळणावर मागून एक गट घुसला. कुणाचा तरी कोपर तुरुसबेकच्या कमरेवर बसला आणि एक भरलेली बाटली कप्प्यातून उडून डांबरावर फुटली. जर्दाळूचा वास सुटला.

"कुठली गेली?" एर्मेकने विचारले.

"रिकामी होती ती."

"फुटताना रिकाम्यासारखी वाजली नाही."

"तू पळ."

आता दोनच भरलेल्या उरल्या होत्या, तिसरीत तळाशी थोडे होते. तुरुसबेकने मनात वाटणी केली. सगळे एर्मेकला. आपण टेबलावरचे पाणी घेऊ. पुढच्या टेबलाशी त्याने धावता धावता पेला उचललाही, पण उजवा हात दोरीला, डाव्या हातात पेला, आणि वेग कमी करायचा नाही. निम्मे पाणी गळ्याखाली अंगावर गेले, उरलेले ठसक्याने बाहेर आले. थांबून नीट प्यायला अर्धे मिनिटही लागले नसते. पण थांबलो की मागून जिपारची पावले जवळ येणार, हे त्याला दिसत होते. पुढच्या टेबलाकडे त्याने पाहिलेच नाही.

त्यानंतर रस्ता वाढत गेला. कडेची पॉप्लरची झाडे एकमेकांत मिसळू लागली. जीभ टाळूला चिकटली. मध्येच त्याला थंडी वाजली. एवढ्या उन्हात थंडी कशी वाजते याचे त्याला नवल वाटले, आणि त्या नवलातच पुलाचा कठडा कधी आला ते समजले नाही.

"डावीकडे," तो म्हणाला, पण उशिरा म्हणाला.

एर्मेकचा बूट दगडावर आपटला. तो पुढे झेपावला, गुडघा टेकला, दोरीने तुरुसबेकला ओढले. दोघे कसेबसे सावरले. एर्मेकच्या गुडघ्यातून रक्त आले. तुरुसबेक पुन्हा पळायला निघाला, तर दोरी ताठ झाली. एर्मेक जागचा हलत नव्हता.

"चल ना."

"तुम्ही किती प्यालात?"

"प्यालोय. चल, वेळ जातोय."

"कुठून प्यालात? एक बाटली मी संपवली. एक फुटली. तिसरी मी पितोय. चौथी अजून वाजतच नाही, बाइके. मघापासून कान देऊन आहे मी. ती सकाळी भरली तशी काठोकाठ आहे."

"ती शेवटच्या चढाला लागेल तुला."

"आणि तुम्हाला काय लागेल? मला खड्डा सांगायला तोंड तरी उघडतंय का तुमचं? शब्द चिकटतायत सगळे."

तुरुसबेकला राग आला. त्याने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि आवाजच निघाला नाही. जिपार त्यांच्यापाशी येऊन थांबली होती. धापही लागली नव्हती तिला. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की ही बाई सकाळपासून मुद्दाम हळू पळते आहे. दरवर्षी ती कुणालाही मागे टाकून जाई. आज तिने आपली शर्यत गुंडाळून ठेवली होती आणि त्याबद्दल एक अक्षर काढले नव्हते.

 एर्मेकचा हात दोरीवर तसाच होता. सोडा म्हणून तो म्हणणार नव्हता. म्हणायचे ते तुरुसबेकनेच म्हणायला हवे होते.

त्याने आपल्या मनगटातला फास काढला आणि जिपारच्या मनगटात घातला. मग कमरेचा पट्टा सोडला. तिची कंबर बारीक, पट्टा खाली घसरू लागला. त्याने पाठीमागे जाऊन त्याला गाठ मारली. गाठ पक्की बसली.

"उजवीकडची आधी दे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "दोन घोट, जास्त नाही. जास्त दिलंस तर पोटात धरतं त्याला. आणि चढाच्या आधी द्यायचं, चढावर नाही. तो मागणार नाही. मागत नाही कधी. पाय आपटायला लागले त्याचे की समजायचं."

"बरं," जिपार म्हणाली.

"खड्डा दिसला की लगेच सांग. तू विचार करून बोलतेस."

"नाही करणार विचार."

एर्मेकने मोकळा हात पुढे केला. तो तुरुसबेकच्या खांद्यावर पडला, तिथून मानेवर गेला. मालिश करणाऱ्याचा हात तो. त्याने एकदाच मान दाबली.

"सावलीत बसा," तो म्हणाला. "आणि प्या."

ती दोघे गेली. पहिली काही पावले जुळली नाहीत, दोरी वरखाली झाली. मग जुळली. तुरुसबेक पुलावर उभा राहून पाहत होता. कमरेला काही नव्हते. सहा वर्षांत या रस्त्यावर तो इतका हलका कधीच नव्हता. तो कठड्यावर बसला.

पलीकडे शेताच्या कुंपणाशी एक म्हातारी बादली घेऊन पळणाऱ्यांना ओवाळल्यासारखी ओगराळे फिरवत होती. तिने त्याला हाक मारली नाही. बादली उचलून ती स्वतःच रस्ता ओलांडून आली.

"आयरान आहे," ती म्हणाली. "खारट आहे हं. हळू पी."

ते घट्ट ताक तो हळू प्यायला. पहिले ओगराळे नुसते जिभेनेच शोषले. दुसरे पोटात गेल्याचे कळले. तिसऱ्यानंतर झाडे पुन्हा वेगवेगळी दिसू लागली.

"गाडी येते मागून, थकलेल्यांना घेते," म्हातारी म्हणाली. "बस जा तिच्यात. तुझ्या वयाची माणसं घरी नातवंडं सांभाळतात."

"ती पण सांभाळतो मी," तुरुसबेक म्हणाला आणि उठला.

गाडी खरेच आली. चालकाने शेजारी गाडी हळू केली, दार उघडले. आत चौघे जण गोधड्यांत गुरफटून बसले होते. तुरुसबेकने नुसता हात हलवला. गाडी थोडा वेळ त्याच्या चालीने चालली, मग पुढे निघून गेली.

तो चालत राहिला. प्रत्येक टेबलाशी तो आता थांबे, पेला दोन्ही हातांनी धरून पूर्ण पिई, उलटा करून ठेवी आणि मग निघे. मधून मधून पळून पाही. मांडीत पेटका आला की पुन्हा चाले. शेवटच्या चढाखाली तो पाणी द्यायला आपसूक थांबला, शेजारी कुणी नाही हे आठवले, आणि चढाला लागला. टेबले मांडणारी मुले टेबले आवरू लागली होती. एकाने उरलेली बाटली त्याच्या हातात कोंबली. ती त्याने घेतली.

तो पोचला तेव्हा शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढून झाली होती. दोन माणसे तिची घडी घालत होती. त्यातल्या एकाने त्याला पाहून घडी सोडली, बाजूला झाला आणि रस्ता मोकळा करून दिला. टाळ्या वाजवायला कुणी नव्हते. तुरुसबेक कापडाच्या शेजारून रेषा ओलांडून गेला.

जिपार पॉप्लरच्या सावलीत बसली होती. शेजारी एर्मेक गवतावर हातपाय पसरून झोपला होता. गुडघ्यावर पट्टी होती आणि पदक मानेखाली गेले होते.

"तीन तास सव्वीस मिनिटं," जिपार हळूच म्हणाली. "तुमची वाट बघत बसला होता. बसल्या बसल्या लवंडला. उठवू?"

"झोपू दे."

तो एर्मेकच्या पायांशी बसला. इतके पळून आडवे झाले की पाय सुजतात, बूट काचतात. त्याने एर्मेकच्या बुटांच्या नाड्या एक एक करून सैल केल्या. दुसऱ्या बुटाशी पोचला तेव्हा एर्मेक डोळे न उघडता बोलला.

"प्यालात का?"

"प्यालो. एका म्हातारीनं आयरान दिलं."

"गाडीत बसून आलात?"

"नाही."

 वाऱ्याने वरची पाने उलटीसुलटी होत होती.

"रविवारी मग?" एर्मेक म्हणाला. "सहाला?"

"सहाला. दोरी जिपारकडे राहू दे." तुरुसबेकने दुसऱ्या बुटाची नाडी सैल केली. "मी सायकलवर येईन शेजारून. तिच्यावर मोठी किटली मावते. पाणी गार पण राहील. मागच्या चाकाची ट्यूब तेवढी बदलायला हवी."

जिपार जमिनीकडे पाहत राहिली. एर्मेक कुशीवर वळला आणि सावलीत थोडा सरकला. तुरुसबेक त्या जागेत टेकला आणि त्याने स्वतःचे बूट सोडायला घेतले. बोटे सुजली होती, त्यामुळे गाठ सुटायला वेळ लागला.