दोन माइक, एक दांडी

नातेवाईक त्याला कौतुकाने, आणि थोडं टोमण्यानेही, कानसेन म्हणत. रेकॉर्डिंग हा त्याचा धंदा. त्याच्या दोन मामेबहिणी लहानपणापासून जोडीने गायच्या. पण त्यांची आई गेल्यापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता. थोरलीच्या फुप्फुसांचं दुखणं बळावलं तेव्हा तिनेच निरोप धाडला, "आमच्या दोघींचं एक गाणं घेऊन ठेव रे."

धाकटी आली ती गाल फुगवूनच. म्हणाली, "दादा, दोन खोल्यांत दोन माइक लाव. मी तिच्याशेजारी उभी राहणार नाही."

"मग गाण्यात मधे भगदाड पडतं. एक आवाज या कानात, एक त्या कानात, मधे कोणीच नाही."

तो हटून बसला. दोन्ही माइक त्याने एकाच दांडीवर एकमेकांना चिकटवून बसवले, एकाचं तोंड डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे. समोर डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटी. एकमेकींकडे न बघताच दोघी गायल्या, पण सूर असे मिळाले की कानसेनच्या अंगावर काटा आला. गाणं संपताच धाकटी पर्स उचलून चालती झाली.

पुढच्याच महिन्यात थोरली गेली.

मग एका दुपारी धाकटी स्टुडिओत आली. "माझा आवाज काढून टाक. मला नुसती ती ऐकायचीय."

त्याने उजवी बाजू पार बंद केली. तरी धाकटीचा आवाज मागून येतच राहिला.

"दोघी दोन्ही माइकमध्ये उतरल्यात गं. दुधातलं पाणी वेगळं कसं काढू?"

"मी म्हणत होते, वेगळे माइक लाव."

"म्हणत होतीस."

"ती एकटी बोलली असेल, नुसती खाकरली असेल, तेवढं तरी?"

तसा एक तुकडा होता. त्या दिवशी धाकटी यायच्या आधी माइक तपासताना त्याने थोरलीला काहीतरी बोलायला सांगितलं होतं. ती बोलली होती, "ती कशाला येतेय? आई पाणी पाणी करत होती, तेव्हा तरी कुठे आली होती?"

"नाही गं," कानसेन म्हणाला. "तसं काही नाही."

धाकटीने हेडफोन चढवला आणि तेच गाणं ऐकलं. स्वतःचा आवाज वर आला की ती ओठ घट्ट मिटायची.

धाकटी निघून गेल्यावर कानसेन तो तुकडा पुसायला म्हणून बसला. पण त्याच्यापाशी थोरलीचा एकटीचा आवाज उरला होता तो तेवढाच. पुसायला हात धजेना, आणि ऐकवणार तरी कोणाला?